दयेचा पाया

वकील हा सत्याचा सेवक की अशिलाचा, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून पुष्कळदा चर्चिला जातो. आणि एखाद्या घोर अपराधाचा खटला वर्तमानपत्रांतून गाजू लागला म्हणजे तर 'असल्या नराधमाचे वकीलपत्र कोणी सज्जन माणूस घेतोच कसा?' हा उद्गार हटकून कानी पडतो. या उद्गारास कायद्याचे उत्तर तयार आहे. गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपी निरपराधी समजावयाचा, आणि त्याची बाजू ऐकल्यावाचून दिलेला निकाल हा न्याय नव्हे, असे ते उत्तर होय. आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमानेही अटक झालेल्या मनुष्याचा आपल्या पसंतीच्या वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्क मान्य केलेला आहे. हे उत्तर आम्हांस सर्वस्वी ग्राह्य वाटते. परंतु त्याने प्रश्नाचा अर्धाच भाग निकालात निघतो. जेथे गुन्हा कबूल आहे, पुराव्याविषयी वाद नाही, आणि तरीही वकील न्यायासनापुढे उभा राहून 'यास मारू नका' असे म्हणतो, तेथे तो दया मागतो ती कोणत्या आधारावर? दयेस काही बौद्धिक पाया आहे, की ती केवळ कोमल मनाची दुर्बलता आहे? या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिकेतील क्लॅरेन्स डॅरो या वकिलाच्या चरित्राइतके उपयुक्त साधन आम्हांस दुसरे आढळत नाही.

डॅरोचा जन्म १८५७ साली ओहायो संस्थानातील एका खेड्यात झाला. बाप लाकडी सामान तयार करून उदरनिर्वाह करी, त्याच दुकानात शवपेट्याही विकी, आणि गावातील रूढ धर्ममते न मानता ग्रंथवाचनात काळ घालवी. अशा घरात वाढलेल्या मुलास लोकमताच्या विरुद्ध उभे राहण्याची सवय लहानपणीच जडली असल्यास नवल नाही. १८७८ साली त्यास वकिलीची सनद मिळाली. छोट्या गावातील वकिली चालली असता जॉन आल्टगेल्ड नावाच्या कायदेपंडिताचे शिक्षापद्धतीवरील एक पुस्तक त्याच्या हाती आले. तुरुंगात जातात ते बहुधा दरिद्री व अनाथ लोक, आणि त्यांस गुन्हेगार बनविण्यास समाजाची रचनाच कारण होते, असे त्या पुस्तकाचे प्रतिपादन होते. या विचाराने डॅरोच्या मनाची पकड घेतली ती जन्मभर सुटली नाही. १८८७ साली तो शिकागोस आला आणि काही काळाने एका मोठ्या रेल्वे कंपनीचा वकील झाला. पगार चांगला, प्रतिष्ठा चांगली, भविष्य निश्चित. परंतु १८९४ साली रेल्वे कामगारांचा प्रचंड संप होऊन त्यांचा पुढारी यूजीन डेब्स याजवर खटले झाले, तेव्हा डॅरोने कंपनीची नोकरी सोडून डेब्सचे वकीलपत्र घेतले. डेब्सला सहा महिन्यांची कैद झाली ती झालीच. पण वकिलाची दिशा त्या दिवसापासून ठरून गेली.

पुढे १९०२ साली पेनसिल्व्हानियातील कोळसाखाणींच्या मजुरांनी दीर्घ संप केला. अध्यक्ष थिओडोर रूझव्हेल्ट यांनी नेमलेल्या लवाद मंडळापुढे मजुरांची बाजू मांडण्याचे काम डॅरोकडे आले. त्या मंडळाने मजुरीत शेकडा दहाची वाढ दिली. याच सुमारास तो इलिनॉय संस्थानाच्या विधिमंडळावर स्वतंत्र उमेदवार म्हणून निवडून आला व १९०३ पासून १९०५ पर्यंत सभासद होता. शिकागोतील ट्रामगाड्या खाजगी कंपन्यांच्या हातून काढून नगराच्या मालकीच्या कराव्या, हा त्याच्या पक्षाचा मुख्य आग्रह होता. दुसऱ्याच्या हयगयीने मनुष्य दगावल्यास त्याच्या वारसांस पाच हजार डॉलरांहून अधिक भरपाई मागता येत नसे. ही मर्यादा वाढवून दहा हजार डॉलर करण्याच्या कामी त्याने मेहनत घेतली व ती फळास आली. तथापि विधिमंडळात त्याचे मन रमले नाही. पक्षाच्या बंधनात न राहणाऱ्या सभासदास वाईट विधेयके हाणून पाडता येतात, पण चांगली मंजूर करून घेता येत नाहीत, असा आपला अनुभव त्याने आत्मचरित्रात नमूद केला आहे.

विधिमंडळातील हा अल्प काळ चरित्रकार बहुधा दोन ओळींत आटोपतात. आमच्या मते मात्र प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. कायदा करणारा आणि वकील हे एकाच इमारतीच्या दोन टोकांस उभे असतात. कायदा करणाऱ्यापुढे माणसे नसतात, वर्ग असतात: कारखानदार, मजूर, चोर, भाडेकरू. वकिलापुढे वर्ग नसतो. नाव, गाव, आई, बाप, भूक आणि भीती असलेला एकच मनुष्य असतो. डॅरोने दोन्ही टोके पाहिली आणि अखेर दुसरे पसंत केले. परंतु पहिल्या टोकास उभा असताना त्याने जे केले, त्यातच त्याच्या पुढील तत्त्वज्ञानाचे खंडन दडलेले आहे, असे आम्हांस वाटते.

ते तत्त्वज्ञान कोणते ते पाहू. १९०२ सालीच शिकागोच्या तुरुंगात कैद्यांपुढे त्याने एक व्याख्यान दिले. सामान्यतः ज्यास गुन्हा म्हणतात तशी वस्तूच जगात नाही. तुरुंगातले लोक तुरुंगाबाहेरील लोकांहून अधिक वाईट नाहीत. थंडीचे दिवस आले व कोळसा महागला की तुरुंग भरतात, यावरूनच त्याचे कारण माणसाच्या अंतःकरणात नसून त्याच्या परिस्थितीत आहे हे उघड होते, असा त्या व्याख्यानाचा मथितार्थ होता. हे विचार खरे असले तरी ते कैद्यांपुढे बोलून दाखवावयास नको होते, असा अभिप्राय त्याच्या स्नेह्यांनी दिला. यावर असे सांगतात की, व्याख्यान कसे वाटले म्हणून पहारेकऱ्याने एका कैद्यास विचारता, 'गृहस्थ जरा फारच पुढे जातात,' असे तो उत्तरला! आमच्या मते हा कैदी त्या दिवशी तेथे जमलेल्यांत अत्यंत विचारी होता. आपल्या हातून घडले ते आपण केलेच नाही, परिस्थितीने केले, हे ऐकून त्यास हायसे वाटावयास हवे होते. पण त्यात आपल्या माणुसकीचाच काही अंश हिरावून घेतला जात आहे, अशी जाणीव त्यास झाली असावी.

या मताची अत्यंत कठीण कसोटी १९२४ साली लागली. नेथन लिओपोल्ड व रिचर्ड लोब या शिकागोतील दोन तरुणांनी बॉबी फ्रँक्स या चौदा वर्षांच्या मुलाचा खून केला. मारेकरी अनुक्रमे एकोणीस व अठरा वर्षांचे. दोघेही लक्षाधीशांचे पुत्र, दोघेही बुद्धिमान व विद्यापीठाचे पदवीधर. त्यांस भूक नव्हती, थंडी नव्हती, कोणावर सूड उगवावयाचा नव्हता. आपण सामान्य माणसांच्या नीतिनियमांच्या वर आहोत व पूर्णपणे निर्दोष असा गुन्हा करू शकतो, एवढ्याच अहंकारापायी एका निष्पाप मुलाचा जीव गेला. कोळशाच्या भावावरून गुन्ह्याची उपपत्ती लावणाऱ्या डॅरोस येथे दारिद्र्याचा आधार उरला नाही. तरीही त्याने वकीलपत्र घेतले, दोघांकडून गुन्हा कबूल करविला, आणि न्यायाधीश जॉन कॅव्हर्ली यांजपुढे तीन दिवस भाषण करून केवळ प्राणांची भीक मागितली. एकास नीत्शेच्या ग्रंथांनी नादावले, दुसऱ्यास कठोर शिक्षिकेने व गुन्हेगारी कादंबऱ्यांनी. दोघांसही अमर्याद संपत्तीने बिघडविले. त्यांच्या पूर्वजांकडून आलेले रक्त त्यांनी निवडलेले नव्हते. मग दोष कोणाचा? असा त्या भाषणाचा मुख्य सूर होता.

न्यायाधीशांनी दोघांसही फाशी न देता जन्मठेप आणि शिवाय नव्व्याण्णव वर्षांची कैद सांगितली. डॅरोचा विजय झाला असे सर्वत्र बोलले गेले. परंतु निकालपत्रातील कारणे फार थोड्यांनी लक्षपूर्वक वाचली असतील. आरोपींच्या मनोरचनेचे जे पृथक्करण पुढे मांडले गेले त्याचे शास्त्रीय मूल्य न्यायाधीशांनी मान्य केले. परंतु तसे पृथक्करण कोणत्याही गुन्हेगाराचे करता येईल, म्हणून या एका खटल्याचा निर्णय त्यावर ठरविता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. फाशी टळली ती आरोपींच्या कोवळ्या वयामुळे. म्हणजे तीन दिवसांच्या तत्त्वज्ञानाने जे साधले नाही ते, पोरवयाच्या मुलांस मारू नये, या एका साध्या मानवी विचाराने साधले.

न्यायाधीशांच्या या कारणमीमांसेत तर्कशास्त्रातील एक मोठे तत्त्व आहे. जे कारण सर्वांस सारखेच लागू पडते ते कोणा एकास सोडण्याचे कारण होऊ शकत नाही. सर्व मनुष्ये जर परिस्थितीची बाहुली असतील, तर मारेकरी जसा निर्दोष तसाच त्यास फाशी देणारा न्यायाधीशही निर्दोष. फाशीची मागणी करणारा सरकारी वकील निर्दोष. 'यांस लटकवा' म्हणून बाहेर ओरडणारा जमावही निर्दोष. मग डॅरो रागावतो कोणावर आणि आळवितो कोणास? 'तुम्ही दया करा' असे ज्यास म्हणावयाचे, त्यास दया करणे वा न करणे यांत निवड करता येते हे आधी गृहीत धरावे लागते. न्यायासनावर बसलेल्या माणसास जे स्वातंत्र्य द्यावयाचे, ते पिंजऱ्यातील माणसास नाकारण्यास आधार कोणता?

डॅरोच्या बाजूने कोणी असे म्हणेल की, विनवणी हेही एक कारणच आहे. शब्द न्यायाधीशाच्या मनावर तसेच परिणाम करतात जसा पाऊस शेतावर करतो. ठीक आहे. परंतु मग शिक्षेची भीती हेही एक कारणच ठरते, आणि ती कोणाच्याही मनावर परिणाम करीत नाही असा डॅरोचा जो आग्रह होता तो सोडून द्यावा लागतो. विधिमंडळात भरपाईची मर्यादा पाच हजारांवरून दहा हजारांवर नेताना त्याची अपेक्षा काय होती? वारसांस न्याय मिळावा ही तर होतीच. पण जीव घेण्याची किंमत वाढली म्हणजे धनिकांची हयगय कमी होईल, असेही अशा कायद्याच्या बुडाशी असतेच. म्हणजे कारखानदारास कायद्याने सावध करता येते, पण दरिद्री चोरास करता येत नाही, असा भेद मानावा लागतो. या भेदास कनवाळूपणाखेरीज आधार नाही. आणि कनवाळूपणा हा कितीही स्तुत्य असला तरी त्यास प्रमाण म्हणता येत नाही.

आता त्याच्या आयुष्यातील आणखी तीन खटले एकापुढे एक ठेवून पाहावे. १९११ साली लॉस एंजेलिस येथील एका वृत्तपत्राच्या इमारतीतील स्फोटाच्या खटल्यात तो कामगार पक्षाच्या आरोपींचा वकील होता. या स्फोटात एकवीस माणसे मेली होती. आरोपींनी अखेर गुन्हा कबूल केला. परंतु त्याच खटल्यातील पंचांस लाच देवविल्याचा आरोप खुद्द डॅरोवर आला. १९१२ साली तो एका आरोपातून सुटला. दुसऱ्या आरोपाच्या वेळी १९१३ साली पंचांत एकमत झाले नाही. तो खरोखर निर्दोष होता की नाही याविषयी चरित्रकारांत अजून मतभेद आहे. आम्हांस त्या वादात शिरावयाचे नाही. आम्हांस लक्षणीय वाटते ते एवढेच की, स्वतः पिंजऱ्यात उभा असता पंचांपुढे केलेल्या भाषणात त्याने 'मी केले असले तरी माझ्या रक्ताने व परिस्थितीने केले' असा बचाव केला नाही. आपण ते कृत्य केलेच नाही, असे त्याने डोळ्यांत पाणी आणून सांगितले. म्हणजे कसोटीच्या वेळी त्यास आपली अब्रू हवी होती. आणि जेथे कोणीच आपल्या कृत्याचा कर्ता नाही तेथे अब्रू कशाची?

दुसरा खटला १९२५ सालचा, डेट्रॉइट नगरातील. ऑशियन स्वीट नावाच्या एका कृष्णवर्णीय डॉक्टराने गोऱ्यांच्या वस्तीत घर विकत घेतले. राहावयास गेल्याच्या दुसऱ्या रात्री घराभोवती मोठा जमाव जमला, दगड पडू लागले. आतून गोळ्या सुटल्या व एक गोरा मनुष्य ठार झाला. घरातील अकराही जणांवर खुनाचा आरोप आला. पंच सारे गोरे. पहिल्या खटल्यात त्यांचे एकमत झाले नाही. दुसऱ्यात, म्हणजे मे १९२६ मध्ये, डॉक्टरांचा धाकटा भाऊ हेन्री निर्दोष सुटला. येथे डॅरोने पंचांस त्यांच्या तोंडावर सांगितले की, तुमच्या मनात वर्णद्वेष आहे. तो तुम्हांस लहानपणापासून पाजला गेला आहे. तरीही तुम्ही त्याच्यावर मात करून न्याय करावा. आमच्या मते त्याच्या साऱ्या कारकिर्दीतील हा अत्यंत थोर प्रसंग होय. आणि याच प्रसंगी त्याने आपल्या तत्त्वज्ञानाचा उघड त्याग केला, जरी त्यास स्वतःस ते जाणवले नसले तरी. जन्माने व संस्काराने जे मन घडले त्यावर मनुष्यास मात करता येते, ही श्रद्धा नसती तर ते भाषण करण्यात अर्थच नव्हता. पंचांनी ती श्रद्धा खरी करून दाखविली.

तिसरा खटला १९३२ सालचा, हवाई बेटांतील. एका गोऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीवर अत्याचार केल्याचा आरोप तेथील पाच तरुणांवर होता. पंचांचे एकमत न झाल्याने निकाल लागला नव्हता. तेव्हा त्या अधिकाऱ्याने, त्याच्या सासूने व दोन खलाशांनी जोसेफ काहाहावाई या आरोपी तरुणास पळवून नेऊन ठार केले. पंचाहत्तरीस पोहोचलेला डॅरो मारेकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. दुःखाने त्या पतीचे मन ठिकाणावर राहिले नव्हते, कार्यकारणाच्या साखळीने त्यास तेथवर ओढीत नेले, असा तोच जुना युक्तिवाद त्याने केला. पंचांनी चौघांस मनुष्यवधाचे दोषी ठरविले. परंतु राज्यपालाने त्यांची दहा वर्षांची शिक्षा कमी करून एक तासावर आणली! मेलेला तरुण दुर्बळ समाजातला, मारणारे सत्ताधारी वर्गातले. ज्या विचाराने डॅरोने तीस वर्षांपूर्वी दरिद्र्यांची ढाल केली, तीच ढाल आता बलवानांच्या हाती गेली. सर्वांस माफ करणारे तत्त्वज्ञान शेवटी कोणाच्या उपयोगी पडेल याचा नेम नसतो, हा या खटल्याचा धडा होय.

आमच्या वाचकांस ही सारी चर्चा अपरिचित वाटण्याचे कारण नाही. 'प्रारब्धात होते तसे घडले' हे वाक्य ज्या समाजात घरोघर उच्चारले जाते, त्या समाजास डॅरोची रक्त-परिस्थितीची साखळी नवीन नव्हे. परंतु आमच्या परंपरेने प्रारब्धाबरोबर क्रियमाणही सांगितले आहे, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो. डॅरोच्या जन्माच्या एकच वर्ष आधी जन्मलेले लोकमान्य टिळक हेही कायद्याचे पदवीधर होते आणि १८९५ साली मुंबईच्या विधिमंडळात निवडून गेले होते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात त्यांनी कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य या विषयास एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. कर्माचे बंधन खरे, आणि त्या बंधनातून ज्ञानाने व प्रयत्नाने वर येण्याचे आत्म्याचे स्वातंत्र्यही खरे, अशी त्यांच्या विवेचनाची दिशा आहे. एकाने शिकागोच्या तुरुंगात कैद्यांस सांगितले की तुम्ही बद्ध आहात. दुसऱ्याने स्वतः कैदेत बसून लिहिले की मनुष्य स्वतंत्र आहे. हा विरोध आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

तर मग दयेस पाया कोणता? अपराध्याचा दोष नाकारून उभारलेली दया ही खरी दयाच नव्हे. जेथे दोष नाही तेथे क्षमेचे प्रयोजन नाही. भूकंपास कोणी क्षमा करीत नाही. शिवाय अशा दयेने मृताच्या आप्तांचा अपमान होतो. बॉबी फ्रँक्सच्या आईबापांस 'तुमच्या मुलाचा खून कोणीच केला नाही, तो घडला' असे सांगणे म्हणजे त्यांच्या दुःखासच खोटे ठरविणे होय. खरी दया प्रथम म्हणते, 'हे तू केलेस.' नंतर ती म्हणते, 'परंतु तू एवढाच नाहीस.' ज्या स्वातंत्र्याने मनुष्य पतित झाला त्याच स्वातंत्र्याने तो पालटू शकेल, ही शक्यता फाशीचा दोर कायमची बंद करतो. आणि निर्णय देणारे माणूसच असल्याने त्यांची चूक झाली तर तीही कायमची होते. दयेचे दोन भक्कम आधार आम्हांस हेच दिसतात.

लिओपोल्डचे पुढील आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. लोब १९३६ साली तुरुंगातच मारला गेला. लिओपोल्ड तेहतीस वर्षांच्या कैदेनंतर १९५८ साली सुटला व पोर्टो रिको बेटावर जाऊन एका रुग्णालयात काम करू लागला. तेथेच १९७१ साली तो वारला. त्या सेवेने बॉबी फ्रँक्स परत आला नाही, आणि तिने हिशेब फिटला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण एकोणीस वर्षांचा जो मुलगा स्वतःस सामान्य नीतीच्या वर समजत होता, तो पुढे परक्या मुलखात रोग्यांच्या कामी आला, हे खरे. आणि १९२४ साली फास आवळला गेला असता तर तेही घडले नसते.

डॅरो १९३८ साली वारला. ज्या इलिनॉय संस्थानाच्या विधिमंडळात चांगले कायदे मंजूर होत नाहीत अशी त्याची तक्रार होती, त्याच संस्थानाने २०११ साली देहान्त शिक्षा रद्द केली. त्यापूर्वी अनेक वर्षे तेथे फाशीच्या कैद्यांपैकी काही जण निर्दोष असल्याचे उघडकीस येत होते, आणि त्या धक्क्याने लोकमत बदलले. मनुष्य परतंत्र आहे या सिद्धान्ताने ते घडले नाही. न्याय देणारा मनुष्य चुकतो, या अनुभवाने घडले.

तात्पर्य, डॅरोची कृती त्याच्या विचारापेक्षा श्रेष्ठ होती, असे आमचे मत आहे. तरी त्याच्या विचारातूनही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दुसऱ्याच्या अपराधाचा न्याय करावयास बसताना त्याचे बालपण, त्याची भूक, त्याची संगत यांचा शोध घेणे हे आपले कर्तव्य होय. कारण त्याच्या ठिकाणी आपण असतो तर काय केले असते हे आपणांस ठाऊक नसते. स्वतःच्या अपराधाचा न्याय करताना मात्र हा शोध लांबवू नये. घरातील चोरी करणारा गडी, परीक्षेत लबाडी करणारा मुलगा, वचन मोडणारा भाऊ, यांच्याशी वागताना आपण बहुधा याच्या उलट करतो: त्यांचा दोष त्यांच्या स्वभावावर टाकतो, आणि आपला दोष परिस्थितीवर. हा क्रम उलटविता आला तर पिंजऱ्यातील माणसाच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या वकिलाकडे पाहण्याची आपली दृष्टीही बदलेल.